पाचगणीला टाका, सरळ होईल

परवा सलग सुट्टी आली म्हणून सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो. सासू-सासरेही बरोबर होते. शनिवारी संध्याकाळी बाजारपेठेत नेहमीचा गोंधळ : चणे-फुटाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी, गाड्यांचे हॉर्न, पिपाण्या वाजवून दाखवणारे विक्रेते. आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी दोन्ही कान घट्ट दाबले आणि भर रस्त्यात बसकण मारली. मग भोकाड. लोक वळून वळून बघायला लागले.

सासरे म्हणाले, "लाडावून ठेवलाय. पाचगणीला टाका दोन-तीन वर्षं, सरळ होईल."

हे वाक्य ज्याने कधीच ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळाच. बायको गप्प बसली. खोटं कशाला बोला, मीही मनातल्या मनात फीचा हिशोब केला. रात्री मात्र झोप येईना. एक साधा प्रश्न डोक्यात घुसला : मुलांना सरळ करायला पाचगणीच का? महाबळेश्वर का नाही?

उत्तर पावसात आहे. 1820 च्या दशकाच्या शेवटी गव्हर्नर जॉन माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून महाबळेश्वरला गोऱ्यांची वसाहत उभी केली. उन्हाळ्यात मुंबई सरकारच इथे मुक्कामाला यायचं. पण पावसाळ्यात इथे पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्यामुळे बिऱ्हाड आवरून खाली उतरावं लागे. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला पाऊस खूपच कमी आणि हवा तशीच थंड. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने तिथे बारमाही वस्ती वसवली. बारमाही वस्ती असेल तिथेच निवासी शाळा चालणार. 19व्या शतकाच्या अखेरीपासून त्या निघाल्या, आधी गोऱ्यांच्या मुलांसाठी, मग पारशी, मग आपल्यासाठी.

त्या काळच्या गोऱ्या आईबापांची अडचणही खरी होती. कॉलरा, हिवताप यांनी मुलं दगावत. ऐपत असलेले लोक सहा-सात वर्षांची मुलं बोटीने विलायतेला धाडत, बाकीचे डोंगरावर. मुलगा टिकला, वजन वाढलं, गाल लाल झाले की निर्णय बरोबर ठरला. रडायचा थांबला की "रुळला". मापं काय ती एवढीच.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. सर्व्हरवरून एरर यायचे बंद झाले, तर तो दुरुस्त झाला असेल किंवा पार बंद पडला असेल. शांतता दोन्हीकडे सारखीच. मुलांच्या बाबतीत हा फरक जगाने फार उशिरा ओळखला.

जॉन बोल्बी हा इंग्रज मनोविकारतज्ज्ञ स्वतः दाईच्या हाताखाली वाढलेला, पुढे बोर्डिंगमध्ये शिकलेला. त्याने 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्याचं सार असं : लहान मुलाला मायेच्या एका पक्क्या माणसाची गरज अन्नाइतकीच असते. त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याने 1952 मध्ये एक फिल्म दाखवली. अडीच वर्षांची लॉरा आठ दिवस हॉस्पिटलात असते. त्या काळी आईबापांना भेटायची मुभा अगदी मोजकी असे. रॉबर्टसनला अशा मुलांमध्ये तीन पायऱ्या दिसल्या : आधी आकांत, मग हताशा, मग अलिप्तपणा. नर्सेस ज्याला "रुळली" म्हणत ती बहुतेक दुसरी किंवा तिसरी पायरी होती! फिल्म बघून डॉक्टर मंडळी भडकली. पण 1959 च्या प्लॅट अहवालाने ब्रिटनच्या हॉस्पिटलांना आईबापांसाठी दारं उघडायला सांगितलंच.

रॉबर्टसनची मुलं अगदी लहान होती. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे जसंच्या तसं लावता येणार नाही. झांजिबारहून आठेक वर्षांचा फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये आला, तिथे पियानो शिकला, मुलांचा बँड काढला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. प्रत्येक बोर्डिंग म्हणजे तुरुंग नव्हे.

पण गंमत बघा. लंडनमध्ये हा वाद पेटायच्या आधीच आपल्याकडे दोन बायका उलट्या दिशेने निघाल्या होत्या. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीवर काम केलं होतं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्याच वर्षी येऊन मिळाल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. "आळशी आहेत, वळण नाही" म्हणून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी बाईच मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. आधी आंघोळ-वेणीफणी, मग गाणी, गोष्टी. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून खडे, शिंपले, पानं, बिया. स्पर्श, रंग, आवाज ओळखायला तेवढं पुरतं. 1957 पासून हेच काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. 1975 मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडीची कल्पना त्याच अंगणातली.

म्हणजे एकीकडे मूल घाट चढून शाळेत, दुसरीकडे शाळा मुलाच्या दारात. खरा फरक जागेचा नाहीच. मूल अडलं की पहिला प्रश्न काय विचारायचा, "याला सरळ कसं करू?" की "याला काय होतंय?" आमच्या पोराने कान का दाबले, हे त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. काही मुलांना आवाज खरोखरच जास्त टोचतात. जीन आयर्स या अमेरिकन बाईंनी 1972 मध्ये यावर पुस्तकच लिहिलंय.

रविवारी परतताना पाचगणीला टेबललँडवर थांबलो. सकाळची वेळ, गर्दी नाही. चिरंजीव जांभ्याचे खडे गोळा करण्यात गुंग. एक आवाज नाही. सासऱ्यांना सहज विचारलं, "बाबा, तुम्हाला कितव्या वर्षी ठेवलं होतं इकडे?"

"नवव्या." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. "आई महिन्यातून एकदा यायची. पावणेचारच्या सातारा गाडीने परत. साठ वर्षं झाली, पावणेचार वाजले की अजून घड्याळाकडे लक्ष जातं."

"रडायचात?"

"पहिले पंधरा दिवस. मग रुळलो."

पुढे ना ते काही बोलले, ना मी. पोराने आणून दिलेले खडे त्यांनी खिशात टाकले. सोमवारी बायकोने पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्टची वेळ घेतली, आणि न सांगता बाबाही बरोबर आले.