हसवायची मुभा

श्रोतेहो, आपल्या पालघर-बोईसर-तारापूरकडे सर्कशीचा तंबू लागला, की विदूषक रिंगणात नुसता अडखळून पडला तरी पोरंसोरं लोटपोट होतात. पण हा विदूषक बहुतेक बाप्याच का, याचा विचार कोणी केला आहे काय?

हिंदी सर्कस ही मराठी माणसाची करणी. कियारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहून विष्णुपंत छत्रे ईर्षेला पेटले. २० मार्च १८८० रोजी त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. ते स्वतः घोडेस्वारीत निष्णात. त्यांच्या पत्नी झोक्यावरच्या कसरती करीत, जनावरंही खेळवीत. त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. त्यातली शकुंतला मात्र पुरुषानंच केली. यावरून त्या माउलीचं धारिष्ट ध्यानात येईल.

तरी विदूषकाची टोपी बाप्याच्याच डोक्यावर राहिली. तमाशातही पुष्कळदा तसंच : नाचायचं बाईनं, हसवायचं सोंगाड्यानं. अमेरिकेत १८९५ साली बार्नम-बेली सर्कशीत एव्हेटा मॅथ्यूज ही बाई विदूषक म्हणून उतरली, तेव्हा तो जाहिरातीचा विषय झाला! पुढं फ्रान्समध्ये विदूषकांच्याच घराण्यातल्या आनी फ्रातेलिनी नामांकित विदूषक झाल्या आणि त्यांनी पतीसह सर्कशीची शाळा काढली.

जीव धोक्यात घालायची मुभा बाईला आधी मिळाली. चारचौघांना हसवायची उशिरा. कारण हसवणारा थोरामोठ्यांचीही फजिती करतो. गुरुजनहो, संमेलनात एखाद्या मुलीनं विदूषकाचं काम मागितलं, तर तिला नको म्हणू नका.