चित्रपटसृष्टीची बखर : ज्येष्ठ चित्रपट-पत्रकारांच्या स्मरणलेखनाचे ऐतिहासिक मूल्य

बीजसंज्ञा : चित्रपट-पत्रकारिता, स्मरणलेखन, चित्रपटसंगीत, मौखिक इतिहास, साधनचिकित्सा

प्रस्तावना :

भारतीय चित्रपटाचा व चित्रपटसंगीताचा जो इतिहास आज सर्वसामान्य वाचकास ज्ञात आहे, तो प्रामुख्याने विद्यापीठीय संशोधकांनी लिहिलेला नाही. तो पत्रकारांनी लिहिला. साप्ताहिकांतील सदरे, दिवाळी अंकांतील लेख, नभोवाणीवरील निवेदने आणि उतारवयात सिद्ध झालेले आठवणींचे संग्रह यांतून तो आकारास आला. मराठीत इसाक मुजावर, शिरीष कणेकर, इंग्रजीत राजू भारतन, बनी रूबेन, तर हिंदी नभोवाणीवर अमीन सयानी यांनी चित्रपटसृष्टीच्या स्मृतींचे जतन केले. कणेकर (१९४३-२०२३) व सयानी (१९३२-२०२४) यांच्या निधनाने ही पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. ज्यांना प्रत्यक्ष विचारून खात्री करून घेता येत होती, ते साक्षीदार यापुढे उपलब्ध असणार नाहीत. त्यामुळे त्यांच्या लेखनाकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहावे, हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे.

मराठी इतिहाससंशोधनास हा प्रश्न नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा प्रारंभ केला. बखरींपेक्षा अस्सल पत्रे श्रेष्ठ, हे सूत्र त्यांनी आग्रहाने मांडले. बखर ही घटनेनंतर, बहुधा स्मरणातून व कोणाच्या तरी आज्ञेने लिहिली जाते, तर पत्र हे घटनेच्या ओघात लिहिले जाते. ज्येष्ठ पत्रकारांचे स्मरणलेखन हीदेखील एका अर्थाने चित्रपटसृष्टीची बखरच होय. या बखरीची चिकित्सा कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

स्मरणलेखनाची गरज का निर्माण झाली ?

राजवाड्यांचे सूत्र चित्रपटास जसेच्या तसे लावता येत नाही, कारण येथे 'अस्सल कागद'च मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेला आहे. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेच्या आसपास चित्रपट निर्माण झाले. त्यांपैकी फारच थोडे आज पूर्ण वा अंशतः उपलब्ध आहेत. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत शिल्लक नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर पन्नासहून अधिक वर्षे उलटून गेल्यावर पद्धतशीर जतनास प्रारंभ झाला. पी. के. नायर यांच्या अथक परिश्रमांनी पुष्कळ काही वाचले. परंतु जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या भांडारास लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांचा मोठा साठा भस्मसात झाला.

चित्रपटच नाहीसा झाल्यावर त्याच्याविषयी उरते ती जाहिरात, गाण्यांची पुस्तिका, ध्वनिमुद्रिका आणि तो पाहिलेल्या माणसाची आठवण. ही आठवण लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकातून भारतीय चित्रपटाविषयी लेख लिहिले. बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये 'फिल्मइंडिया' सुरू करून चित्रपट-पत्रकारितेस परखड, प्रसंगी निष्ठुर वळण दिले. मुंबईच्या चित्रपटसाप्ताहिकात काम केलेले सआदत हसन मंटो १९४८ मध्ये लाहोरला गेले व तेथून त्यांनी मुंबईच्या कलावंतांची व्यक्तिचित्रे लिहिली. 'गंजे फरिश्ते' (१९५२) हा त्यांचा संग्रह म्हणजे गमावलेल्या शहराचे स्मरण होय. चित्रपटविषयक स्मरणलेखन हे बहुधा काहीतरी हरवल्यानंतर सुरू होते, हे वैशिष्ट्य येथेच दिसून येते.

उदाहरण पहिले : संख्येची दंतकथा

लता मंगेशकर यांनी पंचवीस-तीस हजार गाणी गायिली, हे विधान अनेक दशके लेखांतून, निवेदनांतून व सत्कारसमारंभांतून पुनरुक्त होत राहिले. १९७४ मध्ये गिनेसच्या विक्रमग्रंथाने १९४८ ते १९७४ या काळात किमान २५,००० गाण्यांची नोंद केल्यामुळे त्यास जणू राजमुद्रा मिळाली. महंमद रफी यांनी या नोंदीस आक्षेप घेतला. त्यांच्या बाजूनेही अठ्ठावीस हजारांचा आकडा पुढे करण्यात आला.

या विधानाची तपासणी साध्या अंकगणितानेही होऊ शकत होती. २६ वर्षांत २५,००० गाणी म्हणजे वर्षाकाठी सुमारे ९६० गाणी. त्या काळात हिंदीत दरवर्षी साधारणतः १०० ते १४० चित्रपट निर्माण होत आणि एका चित्रपटात सरासरी सात-आठ गाणी असत. म्हणजे सर्व गायक-गायिकांची मिळून हिंदी चित्रपटगीते वर्षाला हजाराच्या आसपासच भरतात. त्यांत पुरुष गायकांची गीते आली, अन्य गायिकांचीही आली. इतर भाषांतील व चित्रपटबाह्य गीते जमेस धरली तरी हा हिशेब जुळत नाही.

कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी १९८० पासून 'हिंदी फिल्म गीत कोश' दशकवार खंडांत प्रसिद्ध केला. चित्रपट, गीत, गायक, संगीतकार व ध्वनिमुद्रिका यांची नोंदवार मांडणी त्यांनी केली. अशा नोंदींच्या आधारे झालेल्या मोजणीत लता मंगेशकर यांची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या घरात आणि रफी यांची सुमारे साडेचार हजार भरली. गिनेसने १९९१ मध्ये ती नोंद वगळली. राजू भारतन यांच्यासारख्या पत्रकारांनी या आकड्यांवर जाहीरपणे प्रश्न उपस्थित केले होते, हेही नमूद केले पाहिजे. दंतकथा पत्रकारितेने रुजविली आणि तिची छाननीही पत्रकारितेतूनच सुरू झाली. येथे कागदाने स्मृतीस दुरुस्त केले. आकडा पाचपटीने घटल्यामुळे गायिकेचे श्रेष्ठत्व तसूभरही कमी झाले नाही. परंतु श्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी संख्येचा आधार घेण्याची स्मरणलेखनाची सवय मात्र उघड झाली.

उदाहरण दुसरे : कागदाचे मौन

याउलट परिस्थितीही आढळते. 'महल' (१९४९) या चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. केवळ मुद्रिकेस प्रमाण मानणारा संशोधक कामिनी नावाच्या गायिकेचा शोध घेत बसला असता. अस्सल कागदही दिशाभूल करू शकतो, तो असा. त्या मुद्रिकेमागील आवाज लता मंगेशकर यांचा होता, हे समकालीनांच्या साक्षीने पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले. पार्श्वगायकाचे नाव छापले जाणे हा हक्क आहे, ही जाणीव त्यानंतरच्या काळात दृढ झाली. फिल्मफेअरने पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला तोदेखील १९५९ मध्ये, पुरस्कारांच्या स्थापनेनंतर पाच वर्षांनी.

वादक व वाद्यवृंद-संयोजक यांच्या बाबतीत कागदाचे मौन अधिक गडद आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणकक्षांत गोमंतकीय संगीतकारांनी दशकानुदशके काम केले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यवृंद-संयोजन सेबास्टियन डिसोझा करीत. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील एका गीतात त्यांचे नाव गुंफून शिष्याने गुरुदक्षिणा दिली. परंतु अशा कलावंतांची नावे मुद्रिकांवर क्वचितच आली. त्यांचे कार्य प्रकाशात आले ते मुलाखतींतून व आठवणींतून. अमेरिकन संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखतींवर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला, तो २००८ मध्ये.

येथे ज्येष्ठ पत्रकारांच्या लेखनाची मर्यादाही लक्षात येते. ध्वनिमुद्रणकक्षाचे दार ज्यांच्यासाठी उघडे होते, त्यांपैकी बहुतेकांनी नायक, गायक व संगीतकार यांच्याकडेच पाहिले. मागील रांगेतील व्हायोलिनवादकास प्रश्न विचारावा, असे फार थोड्यांना वाटले. ज्यांना त्या काळी कोणी विचारले नाही, त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच गेल्या. आकड्यांच्या चुका पुढे दुरुस्त करता येतात. न विचारलेल्या प्रश्नांची भरपाई होऊ शकत नाही.

उदाहरण तिसरे : प्रक्रियेचे किस्स्यात रूपांतर

'केसकरांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना बंदी घातली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले' हे वाक्य स्मरणलेखनात वारंवार भेटते. ते पूर्णतः असत्य नाही; परंतु अपुरे आहे. डॉ. बा. वि. केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या प्रतिष्ठेचा त्यांचा आग्रह होता आणि चित्रपटगीतांविषयी त्यांना अप्रीती होती, हे निर्विवाद. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांचे प्रमाण घटविण्यात आले व गीतांची निवड चाळून होऊ लागली. चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे जाहिरात, या भूमिकेतून ते सांगणेही थांबविण्यात आले. यावर निर्मात्यांनी आपल्या गीतांच्या प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली. म्हणजे आकाशवाणीवरील शांतता ही मंत्र्यांचे धोरण आणि निर्मात्यांचा व्यावसायिक प्रतिकार या दोहोंची निष्पत्ती होती.

३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली व अमीन सयानी यांचा आवाज घरोघरी पोहोचला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा प्रारंभ झाला. धोरण, हक्क, जाहिरात व बाजारपेठ यांचा हा गुंतागुंतीचा व्यवहार स्मरणलेखनात 'एक हटवादी मंत्री आणि रसिक जनता' अशा सुटसुटीत किश्शात सामावला गेला. किस्सा लक्षात राहतो. परवान्याचा करार राहत नाही.

सुवर्णयुगाची संकल्पना

या तिसऱ्या उदाहरणातून आणखी एक विसंगती हाती लागते. १९५० नंतरची दोन दशके हा चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ होय, अशी स्मरणलेखनाची ठाम धारणा आहे. कणेकरांच्या 'गाये चला जा' व 'यादों की बारात' या पुस्तकांनी मराठी वाचकाच्या मनात ती कायमची रुजविली. परंतु नेमक्या त्याच काळातील गीते तत्कालीन प्रतिष्ठितांना उथळ व हीन अभिरुचीची वाटत होती. म्हणून तर वरील वाद उद्भवला. सुवर्णयुग त्या काळात कोणास फारसे दिसले नाही. ते मागे वळून पाहणाऱ्या पिढीने घडविले, आणि तो काळ बहुधा त्या पिढीच्या तारुण्याचा होता. याचा अर्थ ती गीते थोर नव्हती असा नव्हे. गीतांचे मूल्यमापन आणि स्वतःच्या गतायुष्याविषयीची ओढ या दोन गोष्टी स्मरणलेखनात एकजीव झालेल्या असतात, एवढाच त्याचा अर्थ.

लेखकाच्या स्थानाचाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते. बनी रूबेन यांनी राज कपूर यांच्या प्रसिद्धीचे काम केले होते आणि पुढे त्यांचे चरित्रही लिहिले. अशा सान्निध्यामुळे अन्यत्र न मिळणारा तपशील मिळतो; परंतु दरबारी बखरकारास लागू होणारी सावधगिरी तेथेही बाळगावी लागते.

निष्कर्ष :

१) ज्येष्ठ चित्रपट-पत्रकारांचे स्मरणलेखन हे दुय्यम म्हणून बाजूस सारण्याजोगे साधन नव्हे. मूळ चित्रपट व कार्यालयीन कागद नष्ट झाल्यामुळे अनेक बाबतींत तेच एकमेव साधन आहे.

२) संख्या, दिनांक व श्रेयनामावली यांबाबत स्मरणलेखन स्वतंत्र पुराव्याविना ग्राह्य धरू नये. गीतकोश, पुस्तिका व मुद्रिका यांच्याशी ते ताडून पाहणे आवश्यक आहे.

३) कागदही निर्दोष नसतो. 'कामिनी'च्या उदाहरणावरून स्मृती व कागद यांनी परस्परांची तपासणी करावयाची असते, हे स्पष्ट होते.

४) स्मरणलेखनात काय आले याइतकेच काय आले नाही, हे महत्त्वाचे आहे. वादक, संयोजक, तंत्रज्ञ व समूहगायक यांच्यापैकी जे आज हयात आहेत, त्यांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण इतिहास, संगीत व मराठी या विभागांनी संयुक्तपणे हाती घेण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या गावांतील जुन्या चित्रपटगृहांचे प्रक्षेपकचालक व वाद्यवृंदांतील वादक यांच्यापासून त्याचा प्रारंभ कोणत्याही महाविद्यालयास करता येईल.

राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली, ती वाळवी लागण्यापूर्वी. चित्रपटसंगीताची उरलेली दप्तरे माणसांच्या स्मरणात आहेत, आणि त्यांना मिळणारा अवधी कागदापेक्षाही कमी आहे.