भाराचे काम आणि वार्धक्यातील स्नायू : एक ऐतिहासिक टिपण

विदर्भातील व्यायामपरंपरेचा इतिहास बहुधा तारुण्याचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा स्थापिला, तो तरुण पिढीस डोळ्यांपुढे ठेवूनच. वृद्धाच्या वाट्यास विश्रांती यावी, हा समज मात्र अबाधित राहिला.

भंडारा जिल्ह्यातील धानपट्ट्यात या समजाच्या विरुद्ध व्यवहार होता. बांधीतील रोवणी, धानाचे भारे वाहणे, उखळात भात कांडणे ही कामे वय झाले म्हणून सुटत नसत. पुढे गिरणीने कांडण हिरावले. कष्ट हलके झाले, हे इष्टच होय. परंतु त्यांबरोबर स्नायूंवरील भारही गेला. या हानीचे मोल कोणते?

याचे उत्तर अर्वाचीन प्रयोगशाळेत शोधावे लागते. १९९० साली बोस्टन येथे सरासरी ९० वर्षे वयाच्या दुर्बल वृद्धांस आठ आठवडे भारव्यायाम देण्यात आला. पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. १९९९ मध्ये बार व एसर यांनी उंदरांत दाखविले की, भारानंतर ‘पी७० एस६ किनेज’ हे संदेशवाहक प्रथिन जितके उद्दीपित होते, तितकी पुढे स्नायूंची वाढ होते. हा संदेश ‘एमटॉर’ या प्रथिनाच्या द्वारा पेशीतील प्रथिननिर्मितीस चालना देतो. २००९ साली इंग्लंडमधील कुमार व त्यांचे सहकारी यांनी सुमारे २४ व ७० वर्षे वयाच्या पुरुषांची तुलना केली. भार वाढवीत नेल्यास दोहोंतही प्रथिननिर्मिती वाढली. परंतु वृद्धांत ती मंद होती, आणि संदेश व निर्मिती यांचा तरुणांत आढळलेला मेळ त्यांच्यात आढळला नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. वृद्ध स्नायू बहिरा नसतो; त्यास मंद ऐकू येते इतकेच. म्हणून भार पुरेसा असावा व क्रमाक्रमाने वाढावा. दुसरे असे की, शेतकाम म्हणजेच व्यायाम, हे समीकरण सरसकट मान्य करता येत नाही. कांडणाचा भार कामाच्या गरजेने ठरे, शरीराच्या शक्तीने नव्हे. त्यात क्रमवृद्धी नव्हती, विश्रांतीचा नियमही नव्हता. आखाड्यात हा क्रम होता, पण तेथे वृद्ध नव्हते. बांधीत वृद्ध होते, पण तेथे क्रम नव्हता. या दोन परंपरांची गाठ घालणे हे आपल्या व्यायामेतिहासाचे अपुरे राहिलेले कार्य होय.