सॅव्हॉयच्या मुदपाकखान्यातील बंड

१/ मार्च १८९८. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात पोलीस शिरले. मुदपाकखान्यातील १६ फ्रेंच व स्विस आचाऱ्यांना त्यांनी बळाने बाहेर काढले. काही जण लांब सुरे घेऊन विरोधात उभे ठाकले होते, असे तत्कालीन वृत्तपत्राने छापले. त्यांचा प्रमुख ऑगस्त एस्कॉफिए नुकताच बडतर्फ झाला होता. एका वरिष्ठासाठी माणसे एवढी पेटून का उठली?

२/ उत्तराचा धागा १८५९ च्या नीस शहरात सापडतो. तेथे काकांच्या उपाहारगृहात कोवळा एस्कॉफिए उमेदवारीला लागला. मार आणि शिवीगाळ हीच तेव्हाच्या मुदपाकखान्याची शिस्त होती. भट्टीची धग असह्य, म्हणून आचारी दिवसभर दारू पीत. एस्कॉफिएच्या वाट्यालाही मार आला.

३/ १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्याचा आचारी होता. श्रेणीबद्ध रचनेचे सामर्थ्य त्याने तेथे जवळून पाहिले.

४/ १८९० मध्ये व्यवस्थापक सेझार रिट्झ यांच्यासोबत तो सॅव्हॉयमध्ये आला. त्याने कामाची वाटणी केली: सॉस एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, अंडी व भाज्या तिसऱ्याकडे. एकाच आचाऱ्याला ज्या पदार्थासाठी पाव तास लागे, तो अनेक हातांनी काही मिनिटांत सिद्ध होऊ लागला. प्रत्येकाला आपले काम ठाऊक झाले आणि ओरडण्याचे कारणच उरले नाही.

५/ शिवीगाळ, धूम्रपान आणि मद्यपान यांवर त्याने बंदी घातली. मात्र तहान ओळखून बार्लीचे पेय सदैव सिद्ध ठेवले. ग्राहकांची मागणी ओरडून सांगणाऱ्याला फ्रेंचमध्ये ‘भुंकणारा’ म्हणत. त्याने ते पदनाम बदलून ‘उद्घोषक’ केले. स्वतःचा संताप अनावर झाला, की तो मुदपाकखान्यातून बाहेर निघून जाई.

६/ ज्यांना आजवर केवळ राबवून घेतले गेले, त्यांना प्रथमच प्रतिष्ठा लाभली. १८९८ च्या त्या संतापाचे मूळ बहुधा येथेच असावे.

७/ परंतु कथेला दुसरी बाजू आहे. पुरवठादारांकडून दलाली घेतल्याची कबुली एस्कॉफिएने जानेवारी १९०० मध्ये लेखी दिली. तो दस्तऐवज कित्येक दशके गुप्त राहिला. ज्याच्यासाठी आचारी पोलिसांना सामोरे गेले, तो निर्दोष नव्हता.

८/ म्हणून या प्रसंगातून दोन गोष्टी उमगतात. धाकाने काम होते, निष्ठा मात्र सन्मानाने जन्मते. आणि ती निष्ठा संस्थेकडे नव्हे, सन्मान देणाऱ्या माणसाकडे जाते. असा माणूस चुकला, तर त्याची किंमत अनेकदा त्याच्यावर विश्वास ठेवणारे मोजतात. एस्कॉफिएला पॅरिसचे नवे रिट्झ हॉटेल त्याच वर्षी लाभले. सुरे घेऊन उभ्या राहिलेल्या त्या आचाऱ्यांची नावे मात्र आज कोणाच्याही ओठी नाहीत.