हैदराबादचा संघ, तेव्हा आपलाही

साल १९५०. मनमाडकडून येणाऱ्या मीटरगेज गाडीतून तुम्ही काचीगुड्याला उतरता. परभणी-नांदेड केव्हाच मागे पडलं, पण राज्य बदललेलं नाही. मराठवाड्याचे पाचही जिल्हे अजून हैदराबाद राज्यात आहेत आणि खिशातला रुपया हाली शिक्क्याचा आहे. टांगेवाल्याला ‘फत्तेमैदान’ एवढंच सांगा. १६८७ मध्ये गोवळकोंड्याला वेढा घालायला आलेल्या औरंगजेबाच्या फौजेचा तळ इथे होता, असं तो आपणहून ऐकवेल.

मैदानात गवत कमी, माती जास्त. कित्येक पोरं अनवाणी खेळताहेत. थोडा वेळ पाहिल्यावर तुमच्या ध्यानात येतं की एरवी उजव्या पायाने खेळणारी ही पोरं आज चेंडू डाव्यानेच मारताहेत. एकाचा उजवा पाय पुढे सरकतो तोच शेजारचा पोरगा ओरडतो, “सीधा पाँव नक्को, मियाँ!”

ही सय्यद अब्दुल रहीम यांची फुटबॉल स्पर्धा. रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्येही त्यांनी शिकवलंय. नावडत्या पायाच्या स्पर्धा तेच भरवतात आणि ड्रिबलिंगला बंदी असलेल्याही. चेंडू पायात घोळवायचा नाही, आला की मोकळ्या गड्याकडे द्यायचा. हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रं आता त्यांच्याकडे आली आहेत. त्याच वर्षी दिल्लीत ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात हा संघ बलाढ्य मोहन बागानला हरवतो.

आता मुंबईला, कूपरेज मैदानावर या. साल १९५४. रोव्हर्स चषक पुन्हा पोलिसांकडेच चाललाय. १९५० पासून सलग पाचव्यांदा! मुंबईकर हळहळतील, तुम्ही मात्र बिनदिक्कत टाळ्या वाजवा. हा तुमच्या राज्याचा संघ आहे.

आणखी दोन वर्षं पुढे सरका. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा गरीब घरचा तुलसीदास बलराम भाड्याच्या सायकलवरून सरावाला येतोय. भाड्याचा रुपया रहीमसाहेब देतात. रहीमसाहेब भारतीय संघाचेही प्रशिक्षक आहेत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांच्यासोबत बलराम जातो. अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन हेही हैदराबादी गडी संघात असतात. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाच्या हॅटट्रिकवर ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून भारत उपांत्य फेरी गाठतो आणि शेवटी चौथा येतो.

दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ उजाडून गेलाय. हैदराबाद राज्य तीन वाटांनी विभागलं गेलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्य उरलं नाही, पण राज्यांच्या संघांच्या संतोष करंडकात हैदराबाद नावाचा संघ उतरतोच. १९५६-५७ आणि १९५७-५८, लागोपाठ दोन्ही हंगामांत तो जिंकतो. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरते मुंबई. औरंगाबादकरांनी आता कुणाच्या बाजूने ओरडावं? १९५७ मध्ये पोलीस ड्युरँड आणि रोव्हर्स दोन्ही पटकावतात. बलराम मात्र कलकत्त्याला, ईस्ट बंगालकडे गेलेला असतो.

४ सप्टेंबर १९६२, जकार्ता. आशियाई क्रीडास्पर्धांतला अंतिम सामना. प्रेक्षक भारतावर खवळलेले. बाकावर बसलेल्या रहीमसाहेबांना कर्करोग जडलाय. डोक्याला टाके पडलेल्या बचावपटू जर्नैलसिंगला त्यांनी आघाडीला खेळवलंय. पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल यांचे दोन गोल, समोर दक्षिण कोरियाचा एक. आशियाई सुवर्णपदक भारताचं. पुढच्या वर्षी ११ जूनला रहीमसाहेब जातात. त्यांनी घालून दिलेली शिस्त काही काळ पुरते: पोलीस, आता आंध्र प्रदेश पोलीस या नावाने, १९६३ चा रोव्हर्स जिंकतात. १९६५-६६ मध्ये आंध्र प्रदेश संतोष करंडक नेतो. त्यानंतर इकडच्या संघाला तो करंडक जिंकता आलेला नाही.

शेवटची उडी २० मार्च २०२२ ला, गोव्यात फातोर्ड्याला. इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात पिवळ्या जर्सीतला हैदराबाद एफसी केरळा ब्लास्टर्सशी भिडलाय. साहिल तावोरा ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधतो, मग गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी तीन पेनल्टी अडवतो. हैदराबाद विजेता, आणि हे दोन्ही नायक गोव्याचे. त्यात वावगं काही नाही. व्यावसायिक संघ गडी मिळेल तिथून आणतात. पण रहीमसाहेबांचा संघ आणलेला नव्हता, घडवलेला होता. म्हणूनच राज्याचे तीन तुकडे झाले तरी तो खेळत राहिला. नकाशा बदलल्याने त्याचं काही अडलं नाही. अडलं ते नंतर, पोरं हेरून त्यांना रोज मैदानावर आणणारा मास्तर उरला नाही तेव्हा.