सरांची तिरकी रेघ

नववीत असताना इतिहासाच्या सरांनी फळ्यावर लिहिलं होतं : सुरतेची पहिली लूट, जानेवारी १६६३/६४. मी उभा राहिलो आणि विचारलं, "सर, महाराज सुरत दोन वर्षं लुटत होते का?" वर्ग खो खो हसला. (हसणाऱ्यांपैकी बरेच जण ही स्मरणिका वाचत असतील.) सर काही बोलले नाहीत. डस्टरने सगळं पुसलं, नुसतं १६६४ लिहिलं आणि पुढे शिकवू लागले.

ती रेघ बरोबर होती हे मला निवृत्तीनंतर, जुनी कागदपत्रं वाचायचा नाद लागल्यावर कळलं. त्या काळी इंग्रजांचं सरकारी वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू होई. म्हणजे सुरतेच्या वखारीतला इंग्रज लुटीच्या दिवशी १६६३ लिहिणार आणि आपण त्याच दिवसाला १६६४ म्हणणार. घोटाळा नको म्हणून दोन्ही सालं लिहून मध्ये रेघ मारत. त्याच सुरतेतल्या डच वखारीत तर तारीखसुद्धा वेगळी, दहा दिवस पुढची! पोप ग्रेगरीने १५८२ साली सुधारलेलं कॅलेंडर डच कंपनी वापरत होती. इंग्रजांनी ते घेतलं थेट १७५२ साली, आणि त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ तारीख उजाडली.

आपल्या शकाचंही असंच आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सरांनीच पाठ करून घेतलेलं. शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. मिळवा ७८ : येतात १६२९. पण जयंतीची तारीख १९ फेब्रुवारी १६३०. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. म्हणून फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. त्यातून ही १९ फेब्रुवारी जुन्या इंग्रजी पद्धतीची. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ हीसुद्धा आजच्या हिशेबाने १६ जून. तिथी मात्र कुठल्याही कॅलेंडरने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीच. रायगडावर हल्ली सोहळा तारखेनेही होतो आणि तिथीनेही. त्यावर भांडणाऱ्यांना मी हे सगळं सांगत बसतो, कोणी फारसं ऐकत नाही.

सर मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. सर, त्या दिवशी रेघ पुसलीत ती समजावून सांगायला तास पुरला नसता म्हणून, की माझा राग आला होता म्हणून? भेटलो की विचारीन. माफीही मागायची राहिली आहे.