दांडी, धड आणि नाव : इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासातील एक प्रकरण

एखाद्या वाद्याचा मुख्य भाग काढून त्याजागी दुसरा बसविला, तर ते वाद्य पूर्वीचेच राहिले असे म्हणावे काय, हा प्रश्न वरवर पाहता तर्कशास्त्राचा वाटतो. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत तो कारखानदार, वादक, व्यापारी आणि अखेरीस कायदेपंडित ह्या सर्वांपुढे व्यवहारातला प्रश्न म्हणून उभा राहिला, आणि प्रत्येकाने त्याचे निराळे उत्तर दिले. जो भाग सहज बदलता यावा म्हणून योजिला गेला, नेमके त्याच भागावर वाद्याचे नाव लिहिलेले होते. ह्या विसंगतीचा इतिहास येथे पाहावयाचा आहे.

प्रथम संज्ञांविषयी थोडेसे. इंग्रजीत गिटारच्या अवयवांना मनुष्यदेहावरून नावे मिळाली आहेत : धड, मान आणि डोके. सतार-तंबोऱ्याच्या मराठी परिभाषेचे वळण वेगळे आहे. तीत भोपळा, दांडी, खुंट्या आणि घोडी आहेत. (गळा तेथेही आहे, पण तो भोपळा व दांडी जुळतात त्या सांध्याचा.) गिटारच्या 'नेक'ला येथे दांडी म्हटले आहे, आणि तिच्या टोकाशी ज्या रुंद भागावर खुंट्या बसवितात त्या 'हेडस्टॉक'ला शीर्ष.

दांडी बदलण्याची कल्पना गिटारच्या क्षेत्रात उपजली असे मानण्याचे कारण नाही. आंतोनिओ स्त्रादिवारी १७३७ साली निवर्तला. त्याच्या काळी व्हायोलिनची दांडी आतल्या ठोकळ्याला लोखंडी खिळ्यांनी जखडलेली असे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सभागृहे मोठी झाली, अधिक ताणाच्या तारा व अधिक उंच स्वर ह्यांची अपेक्षा वाढली, आणि जुन्या व्हायोलिनांच्या दांड्या काढून तेथे अधिक लांब व मागे झुकलेल्या दांड्या बसविण्याचे काम युरोपभर सुरू झाले. स्त्रादिवारीची आज वाजणारी जवळजवळ सर्व वाद्ये ह्या शस्त्रक्रियेतून गेलेली आहेत. फ्लॉरेन्स येथील १६९० सालचा मेदिची घराण्यासाठी केलेला टेनर व्हायोला मूळ दांडीसह उरला, तो अपवादच होय. परंतु ही दुरुस्ती करणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने सांभाळली. दांडी फेकली तरी तिच्या टोकाचा वळणदार शिरोभाग त्यांनी कापून ठेवला आणि तो नव्या दांडीवर कलम केला. कारागिराची ओळख जेथे दिसते ती जागा शाबूत ठेवून उरलेले बदलावे, अशी ही तडजोड होती.

गिटारच्या बाबतीतही सुट्या दांडीचे प्रयोग जुने आहेत. व्हिएन्नाच्या योहान गेओर्ग श्टाउफर ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी किल्लीने फिरणाऱ्या स्क्रूवर दांडीचा कोन बदलण्याची सोय केली. १८३३ साली अमेरिकेस गेलेल्या सी. एफ. मार्टिन ह्याच्या आरंभीच्या गिटारींत तीच योजना आढळते. तथापि अमेरिकेतील प्रतिष्ठित कारखान्यांनी सरेसाने चिकटविलेला सांधाच उत्तम मानला. गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल ही भरीव धडाची गिटार काढली, तेव्हाही दांडी चिकटविलेलीच होती.

ह्या परंपरेशी काहीही देणेघेणे नसलेला मनुष्य म्हणजे कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर (१९०९–१९९१). त्यांचे शिक्षण हिशेबनिसाचे, धंदा रेडिओ-दुरुस्तीचा, आणि गिटार त्यांना वाजविता येत नसे. दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेला वस्तू सुट्या भागांची बनलेली दिसते. १९५० साली त्यांनी एस्क्वायर ही गिटार बाजारात आणली. तिची दांडी मेपल लाकडाच्या एकाच तुकड्याची असून ती धडातील खाचेत ठेवून पाठीमागून चार स्क्रूंनी आवळलेली होती. पडदे झिजले किंवा लाकूड वाकले तर कसबी कारागिराकडे धाव घेण्याचे कारण नव्हते. चार स्क्रू काढावे आणि दुसरी दांडी बसवावी.

ह्या योजनेची कसोटी लगेच लागली. मेपल पुरेसे कठीण असल्याने दांडीच्या पोटात पोलादी सळई घालण्याची गरज नाही, असे फेंडर ह्यांचे मत होते. गिब्सनने अशा सळईचे पेटंट १९२३ सालीच मिळविले होते. पहिल्या गिटारींच्या दांड्या तारांच्या ताणाने वाकू लागल्या, विक्रेत्यांनी तक्रारी केल्या, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मागील बाजूस खाच पाडून सळई बसविण्यास प्रारंभ झाला. ती खाच अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवीत. ती पट्टी पुढे फेंडरच्या दांडीची खूण ठरली. चुकीची डागडुजी पाहता पाहता शैलीचे लक्षण बनते, हे वस्तूंच्या इतिहासात नवे नाही.

कारखान्यात धडे आणि दांड्या स्वतंत्रपणे तयार होत आणि जुळणीच्या वेळी हाती येईल ती दांडी हाती येईल त्या धडाला बसे. दांडीच्या बुडाशी, म्हणजे जोडल्यावर झाकल्या जाणाऱ्या भागावर, कामगार पेन्सिलीने तारीख लिहीत. टेडिओ गोमेझ ह्या कामगाराची आद्याक्षरेही पन्नाशीच्या दशकातील अनेक दांड्यांवर आहेत. अभ्यासकांना ह्या तारखा बहुमोल वाटतात, परंतु त्या गिटारच्या जन्मतिथी नव्हेत. एकाच गिटारच्या धडावरील व दांडीवरील तारखांत कित्येक महिन्यांचे अंतर पडते. म्हणजे 'मूळ दांडी' ह्या शब्दप्रयोगाला कारखान्यातच फारसा अर्थ नव्हता.

मग नाव कशाला दिले जात होते? १९५१ सालच्या प्रारंभीची एक घटना ह्यावर प्रकाश टाकते. दोन पिकअप असलेल्या गिटारीला फेंडरने ब्रॉडकास्टर हे नाव दिले होते. ग्रेच कंपनी जवळपास त्याच नावाचे ड्रम विकत असल्याने तिने हरकत घेतली. फेंडरच्या कामगारांनी शीर्षावर चिकटवावयाच्या नामपट्ट्यांतून तेवढा शब्द कात्रीने कापून टाकला. टेलिकास्टर हे नवे नाव येईपर्यंत केवळ 'फेंडर' एवढेच लिहिलेल्या गिटारी बाहेर पडल्या. संग्राहकांनी त्यांना नंतर 'नोकास्टर', म्हणजे जणू 'नावाविण', असे नाव दिले. नाव बदलण्यासाठी धडाला हात लावावा लागला नाही. नाव दांडीच्या शीर्षावर होते. अनुक्रमांक मात्र बराच काळ धडाच्या बाजूस, स्क्रूंच्या पत्र्यावर, कोरलेला असे. १९७६ साली तोही शीर्षावर गेला.

१९६५ च्या जानेवारीत सीबीएस कंपनीने १ कोटी ३० लक्ष डॉलरना फेंडरचा व्यवसाय घेतला. १९७१ पासून स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीला चाराऐवजी तीन जोड-स्क्रू आले. दांडी हलते, सांधा सैल आहे, अशा तक्रारी वाढल्या आणि त्याचे खापर तीन स्क्रूंवर फुटले. हा निवाडा पुरता न्याय्य नव्हे : कोन जुळविण्याची ती योजना मुळात लिओ फेंडर ह्यांचीच होती, आणि खरा दोष सैल कापलेल्या खाचांत होता. पण वादकांचा विश्वास उडाला एवढे खरे. १९७० साली एरिक क्लॅप्टन ह्यांनी नॅशव्हिल येथील दुकानातून पन्नाशीच्या दशकातील अनेक स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या, काही मित्रांना दिल्या, आणि उरलेल्या तिहींतील उत्तम भाग एकत्र करून 'ब्लॅकी' सिद्ध केली. काही वर्षांनी एडी व्हॅन हेलन ह्यांनी सुमारे ५० डॉलरचे सदोष धड व ८० डॉलरची दांडी जुळवून गिटार बनविली. १९७८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर ती जगप्रसिद्ध झाली. १९७६ साली स्थापन झालेले शेक्टर, त्यानंतर वॉशिंग्टन राज्यातील वॉरमॉथ, अशा सुटे भाग विकणाऱ्या पेढ्या ह्याच वातावरणात वाढल्या.

ह्या बदलातून वादकास मिळते काय? जुन्या फेंडर दांडीच्या पृष्ठाची वक्रता ७¼ इंच त्रिज्येची. स्वर चढविण्यासाठी तार बाजूला ओढली की त्या गोलाईवर ती पुढच्या पडद्याला टेकते आणि स्वर गुदमरतो. १० किंवा १२ इंच त्रिज्येच्या चपट्या दांडीवर हा दोष कमी होतो. एकविसाऐवजी बावीस पडदे, रुंद तारेचे पडदे, हातास मानवणारी जाडी, हेही लाभ आहेत. परंतु काम वाटते तितके सोपे नसते. मेरूपासून घोडीपर्यंतचे २५½ इंच हे अंतर दांडी आणि धड ह्यांच्यात विभागलेले असून पडद्यांची सर्व गणिते त्यावर आधारलेली आहेत. बुड खाचेत नेमके न बसल्यास स्वरस्थाने चळतात. मेरूच्या खाचा तारेगणिक कानसाव्या लागतात, पडदे एका पातळीत घासावे लागतात, कोन चुकल्यास खाचेत पातळ पाचर घालावी लागते. म्युनिक येथील हेल्मुट फ्लायशर व टिलमान त्स्विकर ह्यांनी १९९० च्या दशकात मोजमापांनी दाखविले की, काही पडद्यांवर स्वर लवकर मरतो त्याचे कारण मुख्यतः दांडीचे स्वतःचे कंपन होय. धडाच्या लाकडाविषयी वादकांत जेवढी चर्चा होते, तिच्या मानाने ही गोष्ट उपेक्षित राहिली आहे.

कायद्याने ह्या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. फेंडरने आपल्या गिटारींच्या धडाचे आकार व्यापारचिन्हे म्हणून नोंदविण्याचा अर्ज केला होता. अनेक उत्पादकांच्या हरकतीवरून २००९ साली अमेरिकेतील व्यापारचिन्ह मंडळाने तो नाकारला. हे आकार इतके सर्वसामान्य झाले आहेत की ते कोणा एका उत्पादकाचा बोध करून देत नाहीत, असा तो निर्णय होता. शीर्षाचा आकार मात्र नोंदलेले चिन्ह आहे, आणि तो वापरून दांड्या विकणाऱ्यांना फेंडरचा परवाना घ्यावा लागतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर धड हे सामान्यनाम झाले, शीर्ष विशेषनाम राहिले. वॉरमॉथच्या परवानाप्राप्त दांडीवर शीर्षाचा आकार फेंडरचा असतो, पण त्यावर फेंडरचे नाव नसते.

बाजाराने ह्याच्याही पुढे जाऊन फेंडर ह्यांची मूळ कल्पनाच उलटी केली. पन्नाशीच्या दशकातील गिटारीची दांडी बदललेली असेल, मग नवी दांडी कितीही सरस असो, तिची किंमत मोठ्या प्रमाणात घटते. जी सोय म्हणून योजिली होती, ती वर्णनपत्रात उणीव म्हणून नोंदली जाते. ब्लॅकीला मात्र हा नियम लागू झाला नाही. मुळातच तिहींपासून जुळविलेली ही गिटार २४ जून २००४ रोजी न्यूयॉर्क येथील क्रिस्टीजच्या लिलावात ९,५९,५०० डॉलरना विकली गेली. तत्पूर्वी, १९८० च्या दशकाच्या मध्यास, दांडी फार झिजल्यामुळे क्लॅप्टन ह्यांनी ती वापरणे सोडले होते. चार स्क्रू काढून दुसरी दांडी बसविणे सहज शक्य होते. फेंडर ह्यांनी रचना केली होती ती त्याचसाठी. तसे कोणी केले नाही. क्लॅप्टन ह्यांच्या नावाची नवी स्ट्रॅटोकास्टर १९८८ साली कारखान्याने बाजारात आणली, आणि झिजलेली दांडी जुन्या गिटारीवर तशीच राहिली.